स्वर्गीय नर्तकाची कुळकथा

वैशाखाचें ऊन रणरणत असतां ओढ्याकांठच्या आमराईंत किंवा बांबूच्या बनांत जो घटकाभर विसाव्यास बसला असेल, त्याच्या दृष्टीस कधीं ना कधीं एक चमत्कार पडला असण्याचा संभव आहे. दाट सावलींतून पांढऱ्या रेशमाच्या दोन फिती लहरत येतात, हवेंत एक गिरकी घेतात आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन स्थिर होतात. नीट न्याहाळून पाहिलें म्हणजे त्या फितींच्या पुढें बुलबुलाएवढा एक पक्षी आहे असें ध्यानांत येतें. डोकें काळेंभोर व चकचकीत, त्यावर टोकदार तुरा, डोळ्याभोंवतीं निळें कडें, आणि बाकीचें अंग दुधासारखें पांढरें. त्याचा देह मोजला तर तो कसाबसा वीतभर भरतो. परंतु शेंपटाच्या मधल्या दोन पिसांची लांबी तीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ फूटभर जाते. मराठींत याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. हिंदींत त्याचें नांव दूधराज असें असून शेजारच्या मध्य प्रदेशानें त्याला आपला राज्यपक्षी मानिलें आहे.

पाहणारा आणखी थोडा वेळ तेथेंच थांबला तर त्याच झाडावर दुसरा एक पक्षी येतो. तोच तुरा, तेंच काळें डोकें, तशाच लांब फिती. मात्र पाठ, पंख आणि शेंपूट हीं सर्व विटकरीच्या रंगाचीं. मागोमाग तिसरा येतो. तोहि विटकरी रंगाचा, परंतु त्याला फिती मुळींच नाहींत. एकाच फांदीवर हीं तीन रूपें पाहिल्यावर कोणाहि चौकस मनुष्याच्या मनांत तीन साधे प्रश्न उभे राहतात. या तिघांचें परस्परांशीं नातें काय? हा पक्षी मुळांत कोणत्या कुळांतला? आणि स्वर्गाचा व त्याचा संबंध आला कोठून? या तीन प्रश्नांचा उलगडा करण्यास विद्वानांना सुमारें अडीचशें वर्षें लागलीं. ती हकीकत मोठी मनोरंजक तर आहेच. शिवाय चुकीच्या रीतीनें बरोबर उत्तर येणें म्हणजे काय, याचें तींत एक नमुनेदार उदाहरण सांपडतें.

प्रथम स्वर्गाचा प्रश्न घेऊं. मॅगेलन या दर्यावर्दी पुरुषाच्या ताफ्यांतील ‘व्हिक्टोरिया’ हें एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ सालीं स्पेनला परत पोंचलें. मॅगेलन स्वतः वाटेंतच मारला गेला होता. या जहाजांत मसाल्याबरोबर मोलुक्का बेटांतील एका राजानें स्पेनच्या राजासाठीं दिलेलीं कांहीं पक्ष्यांचीं कातडींहि होतीं. त्यांचीं पिसें इतकीं तलम व झगझगीत होतीं कीं, हे पक्षी या पृथ्वीवरचे नव्हेत अशी यूरोपांतील लोकांची समजूत झाली. पुढें अशीं कातडीं व्यापाऱ्यांच्या हातून वारंवार येऊं लागलीं. तीं तयार करतांना न्यू गिनी बेटाकडील लोक पक्ष्याचे पाय कापून टाकीत असत. त्यामुळें नवीच दंतकथा निघाली: या पक्ष्यांना पायच नसतात, ते कधीं भूमीवर उतरत नाहींत, आकाशांतच राहतात व दंव पिऊन जगतात! अशा रीतीनें त्यांना ‘स्वर्गपक्षी’ हें नांव पडलें, आणि लांब पिसांचा कोणताहि परदेशी पक्षी दिसला कीं त्याला हेंच नांव देण्याची चाल पडली.

हिंदुस्थानांतील या नर्तकालाहि तें याच चालीनें मिळालें. जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज चित्रकारानें पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील १७५० सालच्या भागांत आपला पांढरा-काळा नर्तक ‘कबरा स्वर्गपक्षी’ या नांवाखालीं आढळतो. एडवर्ड्सनें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. त्याच्या समोर निर्जीव पक्षी होता, आणि शेंपटाची लांबी हीच काय ती त्या पक्ष्याची ओळख होती.

यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १७५८ सालीं, स्वीडन देशांतील कार्ल लिनीअस या थोर शास्त्रज्ञानें आपल्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति काढली. आजची प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांची पद्धत याच आवृत्तीपासून मोजतात. सृष्टींतील प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचें लॅटिन नांव द्यावयाचें, पहिला शब्द कुळाचा व दुसरा त्या जातीचा, ही सोय लिनीअसनें लावून दिली. न्यू गिनीच्या खऱ्या स्वर्गपक्ष्याला त्यानें ‘पॅराडिसिआ अपोडा’, म्हणजे ‘बिनपायांचा स्वर्गपक्षी’, असें नांव दिलें. व ती दंतकथा अशा प्रकारें शास्त्राच्या दप्तरांत कायमची नोंदली गेली. आणि आपल्या नर्तकाला त्यानें नांव दिलें ‘कॉर्व्हस पॅराडिसी’. कॉर्व्हस म्हणजे कावळा. स्वर्गीय नर्तक हा स्वर्गांतला कावळा ठरला!

लिनीअससारख्या सूक्ष्म बुद्धीच्या मनुष्यानें असें कां करावें? त्याचें कारण फार साधें आहे. यूरोपांत मॅगपाय नांवाचा लांब शेंपटाचा, काळा-पांढरा पक्षी सर्वत्र आढळतो. तो खरोखरच कावळ्याच्या कुळांतला असून लिनीअसनें त्याला ‘कॉर्व्हस पिका’ या नांवानें त्याच कुळांत ठेविलें होतें. नर्तकहि काळा-पांढरा, नर्तकाचेंहि शेंपूट लांब. तेव्हां हा त्याचाच भाऊबंद असावा, असें अनुमान निघालें. जिवंत पक्षी कसा उडतो, काय खातो, घरटें कसें बांधतो, यांपैकीं एकहि गोष्ट त्या अनुमानाच्या मागें नव्हती.

पुढच्या पिढींतील विद्वानांना हें अनुमान पटलें नाहीं. आणि पटूं नये अशींच प्रमाणें त्यांच्या हातीं होतीं. नर्तकाची चोंच कावळ्यासारखी भक्कम नाहीं. ती चपटी, बुडाशीं रुंद, आणि तिच्या मुळाशीं ताठ केसांसारखीं पिसें असलेली आहे. उडते किडे हवेंतच पकडणाऱ्या पक्ष्यांची चोंच अशीच असते. नर्तक झाडाच्या मधल्या थरांत, खाटीक पक्षी बसतो तसा ताठ बसतो, माशी किंवा पतंग दिसतांच झेप घेतो, व त्याला हवेंत टिपून पुन्हां फांदीवर येतो. म्हणून त्याला कावळ्यांच्या घरांतून काढून माशीमारांच्या घरांत नेण्यांत आलें. ग्लोगर या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं त्याच्या गणाला ‘टर्प्सिफोन’ हें नवें नांव दिलें, आणि तेंच आज रूढ आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘रमविणाऱ्या आवाजाचा’ असा होतो. ज्यानें या पक्ष्याची नेहमींची कर्कश हांक ऐकली आहे, त्याला हें नांव थट्टेचें वाटेल. परंतु विणीच्या दिवसांत नर हलक्या, गोड सुरांत गातो, हेंहि तितकेंच खरें आहे. कसेंहि असो, नर्तक माशीमार ठरला, व पुढें दीडशें वर्षें तो माशीमारच राहिला.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे तांबड्या व पांढऱ्या रंगांच्या प्रश्नाकडे वळावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनी सरकारचे कित्येक लष्करी अधिकारी व डॉक्टर फावल्या वेळांत पक्षी गोळा करीत असत. त्यांपैकीं कर्नल साइक्स यांनीं दख्खन प्रांतांत हिंडून तयार केलेली पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढें ठेविली. महाराष्ट्रांतील पक्ष्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा तो पायाच म्हटला पाहिजे. त्या काळची अभ्यासाची पद्धत अशी कीं, पक्षी दिसला कीं बंदुकीनें पाडावयाचा, कातडें सोलून, पेंढा भरून, चिठ्ठी बांधून तें विलायतेस पाठवावयाचें. तेथें कपाटाजवळ बसलेला पंडित तीं कातडीं शेजारीं शेजारीं मांडून त्यांच्या जाती ठरवी. अशा पंडितापुढें एक दुधासारखें पांढरें व एक विटकरी रंगाचें कातडें आलें, तर त्यानें त्या दोन निराळ्या जाती मानाव्या यांत नवल नाहीं. पुष्कळांनीं तसें मानलेंहि. परंतु ज्यांचें आयुष्य याच देशांत रानोमाळ हिंडण्यांत गेलें होतें, त्यांची दृष्टि निराळी होती. मद्रास इलाख्यांतील लष्करी डॉक्टर जेर्डन यांनीं १८६२ ते १८६४ या काळांत ‘हिंदुस्थानचे पक्षी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत तांबड्या व पांढऱ्या नर्तकांना एकाच जातीच्या नांवाखालीं ठेविलें.

जेर्डननंतरच्या पिढींत ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम यांचें नांव सर्वांत मोठें. महाराष्ट्रांतील वाचक त्यांना राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ओळखतात. पक्षिशास्त्राचे अभ्यासक त्यांना हिंदी पक्षिविद्येचे जनक मानतात. देशभरच्या निरीक्षकांकडून पत्रें मागवून त्यांनीं १८७३ सालीं हिंदी पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर एक ग्रंथ काढला. मृत कातड्याऐवजीं जिवंत संसाराकडे लक्ष वेधणारें हें पुस्तक होय. पुढें त्यांच्यावर एक विलक्षण आपत्ति ओढवली. ते सिमल्याहून बाहेर गेले असतां एका नोकरानें त्यांच्या कित्येक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें रद्दी म्हणून बाजारांत विकून टाकलीं. या आघातानें खचून जाऊन त्यांनीं १८८५ सालीं आपला ऐंशी हजारांच्या घरांतला पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. एका कामाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ असे एकाच वर्षांत आले.

घरट्याच्या निरीक्षणानें रंगांच्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडला, म्हणून त्या घरट्याची माहिती येथें देणें अवश्य आहे. मे ते जुलै हा नर्तकाच्या विणीचा काळ. बारीक काड्या, गवत व तंतू यांची लहानशी वाटी तो पातळ फांदीच्या टोंकाजवळ बांधतो आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानें लिंपून काढतो. मादी तीन किंवा चार अंडीं घालते. चौदा ते सोळा दिवसांत पिल्लें बाहेर पडतात, व आणखी नऊ ते बारा दिवसांत घरटें सोडतात. बांधणें, उबविणें, भरविणें या सर्व कामांत नर मादीच्या बरोबरीनें राबतो. तो अंड्यांवर बसला म्हणजे त्याच्या त्या दोन फिती घरट्याच्या कांठावरून खालीं लोंबत राहतात. घरांतल्या कर्त्या पुरुषानें भरजरी उपरणें खांद्यावर तसेंच ठेवून मुलाचा पाळणा हलवावा, तसा तो देखावा दिसतो.

अशा घरट्यांपाशीं चिकाटीनें बसणाऱ्यांना काय दिसलें? कांहीं घरट्यांवर विटकरी मादी व पांढरा नर अशी जोडी होती. कांहींवर विटकरी मादी व लांब फितींचा विटकरी नर होता. तर कांहीं ठिकाणीं दोन्ही पक्षी आंखूड शेंपटाचे व विटकरी असून, वरवर पाहणाऱ्यास त्या दोन माद्याच वाटाव्या, असा प्रकार होता. परंतु त्यांतल्या एकाचा गळा काळा व डोळ्याभोंवतीं निळें कडें असे. दुसऱ्याचा गळा राखी असे. काळ्या गळ्याचा तो तरुण नर होय. नर प्रथम आंखूड शेंपटाचा व विटकरी असतो, मग त्याला विटकरी फिती येतात, आणि पुढें पिसें झडून नवीं येतांना तो पांढरा होतो. पांढऱ्या नराला वेगळी मादी नाहीं, तांबड्याला वेगळें घर नाहीं; दोघांच्या पिल्लांत कांहीं भेद नाहीं. दोन जाती ठरविणाऱ्या पंडितांनीं वस्तुतः एकाच पक्ष्याच्या आयुष्यांतील दोन अवस्थांना दोन नांवें दिलीं होतीं.

अशा निरीक्षणांना आपल्या प्रांतांत एक हक्काचें व्यासपीठ मिळालें होतें. १८८३ च्या सप्टेंबरांत मुंबईस आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन हिंदी गृहस्थ होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचें नियतकालिक निघूं लागलें, आणि त्यांत चहाच्या मळ्यांतील व्यवस्थापकापासून जंगल खात्याच्या अधिकाऱ्यापर्यंत कोणीहि आपल्या अंगणांतील घरट्याची नोंद छापावी अशी सोय झाली. याच संस्थेच्या आश्रयानें डॉ. सालीम अली यांनीं बंदूक खालीं ठेवून दुर्बीण व टिपणवही हातीं घेण्याची रीत हिंदुस्थानांत रुजविली. अलिबागजवळच्या किहीम गांवीं १९३० सालीं त्यांनीं सुगरण पक्ष्याच्या वसाहतीपुढें तासन् तास बसून जें शोधून काढलें, तें हजार कातडीं मोजून कोणास कळलें नसतें. त्यांचें ‘दि बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हें पुस्तक १९४१ सालीं निघालें, आणि शाळकरी मुलालाहि नर्तक व त्याची मादी यांना नांवानें ओळखतां येऊं लागलें.

याचा अर्थ कपाटांतील कातडीं निरुपयोगी होतीं असा मात्र नव्हे. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंड व अमेरिका येथील मोठ्या संग्रहालयांतून लांब शेंपटाच्या ६८० नरांची एकत्र तपासणी करण्यांत आली. त्यांत ह्यूमनें दिलेला संग्रह ज्या संग्रहालयांत आहे, तेंहि होतें. या तपासणींत अंग तांबडें पण पंख पांढरे, किंवा अंग पांढरें पण शेंपटांत तांबडीं पिसें, असे अर्धेमुर्धे रंगलेले पुष्कळ नर सांपडले. आणि असे मधले नमुने मुख्यतः भारताच्या बाजूचे असून त्यांत महाराष्ट्रांतील पक्षीहि होते. याच तपासणीनें दुसरेंहि एक सत्य पुढें आणलें: तांबड्यांचें व पांढऱ्यांचें प्रमाण सर्वत्र सारखें नाहीं, तें प्रदेशागणिक बदलतें. म्हणजे वयाचा नियम खरा असला तरी तो एकटाच पुरेसा नाहीं. देशपरत्वें वंशाचाहि भाग त्यांत आहे.

हा वंशाचा भाग कसा असतो, याचें सर्वांत सुंदर उदाहरण सिंहल द्वीपांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत मिळतें. तेथील सिंहली भाषा मराठीप्रमाणेंच संस्कृताच्या वंशांतली. त्या भाषेंत पांढऱ्या नर्तकाला ‘सुदु रेदि होरा’ व तांबड्याला ‘गिनि होरा’ म्हणतात. ‘सुदु’ म्हणजे शुद्ध, पांढरें. ‘रेदि’ म्हणजे वस्त्र. ‘होरा’ म्हणजे चोर. आणि ‘गिनि’ म्हणजे अग्नि. एक पांढरें लुगडें पळविणारा चोर, तर दुसरा अग्नि पळविणारा चोर! कोणी म्हणेल, पाहा, येथील भोळ्या खेडुतांनींहि विलायतेंतील पंडितांचीच चूक केली. एका पक्ष्याचे दोन पक्षी केले. परंतु गोष्ट तशी नाहीं. श्रीलंकेंत बारमास राहणारा नर्तक हा एक निराळा उपप्रकार असून त्याचा नर आयुष्यभर तांबडाच राहतो, पांढरा कधींच होत नाहीं. तेथें दिसणारा पांढरा नर्तक हा हिंवाळ्यांत भारतांतून आलेला पाहुणा असतो. अग्निचोर हा घरचा व वस्त्रचोर हा बाहेरचा, हा भेद तेथील खेडुतांच्या दोन नांवांत नकळत बरोबर उतरला आहे. ज्या दोन नांवांना भारतांत चूक म्हणावयाचें, तींच समुद्रापलीकडे बरोबर ठरतात. कारण तेथें पक्षीच तसे आहेत.

आतां राहिला कुळाचा प्रश्न. माशीमारांच्या घरांत नर्तक सुखानें नांदत होता. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्राण्यांचें नातें ठरविण्याचें एक नवें साधन हातीं आलें. प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याच्या वंशाचा लेख डी. एन. ए. या द्रव्याच्या रूपानें असतो. या द्रव्याचे दोन पदर दोरीच्या पिळाप्रमाणें एकमेकांत गुंतलेले असतात, व उष्णतेनें ते सुटे होतात. दोन निरनिराळ्या पक्ष्यांचे सुटे पदर एकत्र करून थंड केले तर ते एकमेकांशीं जुळतात. नातें जितकें जवळचें, तितकी ही जुळणी घट्ट, आणि ती पुन्हां सोडविण्यास तितकी अधिक उष्णता लागते. या उष्णतेच्या मापावरून अमेरिकेंतील सिब्ली व आल्क्विस्ट या दोघांनीं जगांतील पक्ष्यांची वंशावळ नव्यानें मांडली. त्यांचा मोठा ग्रंथ १९९० सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांत आढळलें तें असें. दिसण्यांत व खाण्यांत माशीमार असलेला स्वर्गीय नर्तक हा खऱ्या माशीमारांचा नातलग नाहींच. खरे माशीमार हे दयाळ पक्ष्याचे सोयरे. त्यांची शाखाच वेगळी. नर्तकाची शाखा ती कोतवालाची, नाचण पक्ष्याची, खाटकाची, आणि कावळ्याची! सिब्ली व आल्क्विस्ट यांनीं तर त्याला विस्तारलेल्या काक-कुळांतच बसविलें. त्यानंतर अधिक सूक्ष्म साधनांनीं झालेल्या संशोधनानें त्यांच्या मांडणींतील कांहीं तपशील बदलले. आज नर्तकाला ‘मोनार्किडी’ या स्वतंत्र कुळांत ठेवितात. परंतु तें कूळ कावळ्याच्याच मोठ्या शाखेवरचें आहे, हा मुख्य निर्णय कायम राहिला. इतकेंच नव्हे, तर न्यू गिनीचे ते खरे स्वर्गपक्षीहि याच शाखेवर बसलेले आढळतात. हवेंत किडे पकडण्याचा धंदा दोन वेगळ्या वंशांनीं स्वतंत्रपणें उचलला, म्हणून दोघांच्या चोंची सारख्या झाल्या; आणि त्या सारख्या चोंचीनें दीडशें वर्षें शहाण्या माणसांना चकविलें.

म्हणजे १७५० सालीं एडवर्ड्सनें ‘स्वर्गपक्षी’ म्हटलें, १७५८ सालीं लिनीअसनें ‘कावळा’ म्हटलें, आणि दोघांचेंहि म्हणणें दूरच्या नात्यापुरतें खरें निघालें! मग मधल्या विद्वानांनीं त्यांना खोडून काढलें तें चूक केलें काय? हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. गणिताच्या परीक्षेंत एखाद्या विद्यार्थ्याचें उत्तर बरोबर येतें, पण रीत पाहिली तर दोन ठिकाणीं चूक असून त्या दोन चुकांनीं एकमेकींस खाऊन टाकलेलें असतें. परीक्षक त्याला गुण देत नाहीं, आणि तें योग्यच आहे; कारण त्याच रीतीनें केलेलें पुढचें उदाहरण हमखास चुकणार. लिनीअसची रीत शेंपूट पाहण्याची होती. त्याच रीतीनें दुसऱ्या कित्येक पक्ष्यांचीं कुळें चुकलींच. उलट ज्यांनीं चोंच, पिसें व शिकार करण्याची तऱ्हा पाहून नर्तकाला माशीमार ठरविलें, त्यांचें उत्तर चुकलें. परंतु त्यांची रीत अधिक चांगली होती, आणि त्याच रीतीवर पुढच्यांना आणखी चांगली रीत रचतां आली. शास्त्राचा मार्ग असाच वांकडातिकडा असतो.

या नव्या नात्याच्या प्रकाशांत एक जुनी गोष्टहि मौजेची वाटते. नर्तक पुष्कळदां आपलें घरटें कोतवालाच्या घरट्याजवळ बांधतो, हें निरीक्षकांस ठाऊक होतें. कोतवाल मोठा धीट. कावळा, ससाणा, घार, कोणीहि जवळ आलें कीं तो त्याच्यावर तुटून पडतो, आणि त्या पहाऱ्याचा लाभ शेजारच्या नर्तकाला होतो. कोतवाल त्याचा दूरचा कुळबंधु ठरला आहे. अर्थात् नर्तक हें नातें ओळखून शेजार धरतो असें समजण्याचें कारण नाहीं. त्याला पहारेकरी हवा असतो, एवढेंच. ज्या कावळ्यापासून अंडीं राखावयाचीं तोहि त्याच शाखेवरचा आहे, हें विसरतां कामा नये.

अलीकडे आणखी एक वांटणी झाली. इराणपासून चीनच्या पलीकडे पसरलेल्या सर्व नर्तकांना पूर्वीं एकच जात मानीत. २०१५ च्या सुमारास त्यांच्या तीन जाती करण्यांत आल्या. भारतांतील बहुतेक भागाचा, श्रीलंकेचा व मध्य आशियाचा तो ‘भारतीय स्वर्गीय नर्तक’. दुसरी जात आग्नेय आशियांतली. व तिसरी चीन आणि अमूर नदीच्या बाजूची. मूळचें ‘पॅराडिसी’ हें लिनीअसचें नांव भारतीय जातीकडेच राहिलें आहे. तें मात्र अडीचशें वर्षांत कोणी हिरावून घेतलें नाहीं.

आज या पक्ष्याची गणना नष्ट होणाऱ्या पक्ष्यांत होत नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि त्याच्या गरजा ठरलेल्या आहेत: दाट सावली, उडते किडे, आणि जवळ पाण्याचें एखादें डबकें. कारण दुपारच्या वेळीं फांदीवरून पाण्यांत सूर मारून अंघोळ करण्याचा त्याचा परिपाठ आहे. कर्नाळ्याच्या रानांत तो अजून दिसतो. जुन्या आमराया, देवराया व ओढ्यांकांठचीं बनें येथेंहि त्याची भेट होते. जेथें आमराई तुटते व ओढा आटतो, तेथून तो गाजावाजा न करतां निघून जातो, आणि तो गेल्याचें कित्येकदां कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

म्हणून पुढच्या वैशाखांत ज्याला सवड असेल त्यानें ओढ्याकांठच्या सावलींत तासभर स्वस्थ बसावें. पांढऱ्या फिती दिसल्या तर आनंद मानावाच. परंतु मागून जो साधा, आंखूड शेंपटाचा विटकरी पक्षी येईल त्याच्याकडेहि नीट पाहावें. त्याचा गळा काळा आहे कीं राखी, डोळ्याभोंवतीं निळें कडें कितपत ठळक आहे, घरट्यावर आधीं कोण बसतो व मागून कोण, हें दुरूनच पाहून एका वहींत तारखेसह टिपून ठेवावें. घरट्याला हात लावूं नये. अशा टिपणाला मोठ्या विद्येची जरूर नाहीं, आणि नर्तकाविषयीं आज जें निश्चित ठाऊक आहे, त्यांतील बराच भाग अशाच वह्यांतून आलेला आहे.